दाढीच्या साबणाच्या वडीला दाट फेस येत नाही. भारी ब्रश घेतल्यास फरक पडेल का?

फरक पडणार नाही. आपण लिहिले आहे की बदली होऊन सोलापूरकडे आल्यापासून तीच वडी आणि तोच ब्रश असूनही फेस दाणेदार होतो, गालावर पसरण्याआधीच बसतो आणि वाटीच्या कडेला पांढुरका थर चिकटून राहतो. या वर्णनातच आपले उत्तर आहे. दोष साबणाचा नाही, ब्रशाचाही नाही. तो पाण्याचा आहे. ही गोष्ट मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण याच कारणावरून माझ्या वडिलांना आमच्या घरात एकदा खाली मान घालावी लागली होती.

आम्ही मूळचे राजापूरजवळचे. अण्णा प्राथमिक शिक्षक होते आणि आयुष्यभर गोल डबीतल्या साबणानेच दाढी करीत. सकाळी चहाचे आधण चुलीवर चढले की ते ब्रश पितळी वाटीतल्या पाण्यात बुडवून ठेवत. चहा पिऊन झाल्यावर तो दोनदा झटकत, वडीवर पन्नास आकडे मोजेपर्यंत गोल फिरवत आणि मग त्याच वाटीत बोटांनी थेंब थेंब पाणी शिंपडत फेस घोटत. तो फेस श्रीखंडाइतका घट्ट नसे, पण घुसळलेल्या दह्यासारखा एकजीव आणि चकचकीत असे. वाटी उपडी केली तरी सांडत नसे. माझा थोरला भाऊ मुंबईला नोकरीला लागल्यापासून नळीतले क्रीम वापरू लागला होता, आणि अण्णांचा साबण म्हणजे निव्वळ काटकसर आहे, असे तो दर सुट्टीत म्हणत असे.

१९९६ मध्ये मला बीड जिल्ह्यातल्या एका गावी नोकरी लागली. घर भाड्याचे होते आणि पाणी बोअरचे. दुसऱ्या वर्षी मार्च महिन्यात अण्णा आणि दादा दोघेही माझ्याकडे राहायला आले. पहिल्याच सकाळी अण्णांनी नेहमीप्रमाणे ब्रश भिजवला, वडीवर फिरवला आणि बराच वेळ घोटत राहिले, पण वाटीत फेसाऐवजी फुटलेल्या दुधासारखा चोथा तयार झाला. त्यांनी पुन्हा वडी घासली, पुन्हा घोटले. दादा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “अण्णा, तीस वर्षे हट्ट केलात, आता तरी ती वडी टाका.” अण्णा काही बोलले नाहीत. राहिलेले आठ दिवस त्यांनी दादाच्या नळीतले क्रीम लावून दाढी केली. ते मला तेव्हाही पाहवले नव्हते, आणि आज आपला प्रश्न वाचताना तीच सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली.

उलगडा झाला तो घरमालकीणबाईंच्या बोलण्यातून. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून त्या वरणापुरते पाणी लांबच्या आडावरून आणत असत. डाळ न शिजणे आणि फेस न येणे यांचे मूळ एकच, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. जूनमध्ये दोन-तीन पाऊस होऊन पत्रे धुऊन निघाल्यावर मी पागोळ्यांखाली बादली ठेवली आणि त्या पाण्यात अण्णांनी मागे ठेवलेली तीच वडी घोटली. दोन मिनिटांत वाटी काठोकाठ भरली. त्याच दिवशी मी अण्णांना पत्र लिहिले. त्यानंतर ते जेव्हा जेव्हा माझ्याकडे आले, तेव्हा घरच्या विहिरीच्या पाण्याची पाच लिटरची कळशी फडक्याने तोंड बांधून सोबत आणत. एवढ्या लांबच्या एसटीच्या प्रवासात त्यांनी ती कधी हिंदकळू दिली नाही.

शालेय पुस्तकांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात, बोलण्यात जड पाणी. मराठवाडा आणि सोलापूर भागातल्या काळ्या खडकातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरेच उतरतात. ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतात, आणि जेवढा साबण त्यात खर्ची पडतो तेवढा फेसाला उरत नाही. दाढीला लागणारे पाणी वाटीभरच असते, त्यामुळे उपाय सोपा आहे. घरात आरओचे पाणी असल्यास ब्रश भिजवण्यापासून घोटण्यापर्यंत तेच वापरावे. नसल्यास पाणी दहा मिनिटे उकळावे, निवू द्यावे आणि तळाशी बसलेला गाळ न ढवळता वरचे ओतून घ्यावे. साबण मात्र सढळ हाताने घ्यावा. बहुतेक लोक वडीवर ब्रश जेमतेम चार वेळा फिरवतात आणि मग पाणी ओतत राहतात. मोठे बुडबुडे दिसू लागले की पाणी जास्त झाले आहे किंवा साबण कमी पडला आहे, असे समजावे.

आता ब्रशाविषयी. डुकराच्या केसांचा साधा ब्रश उत्तम असतो, मात्र नवा असताना तो ताठ असतो आणि काही आठवड्यांच्या वापराने टोके दुभंगल्यावरच मऊ पडतो. तोवर त्याला नावे ठेवू नयेत. बॅजरच्या केसांचा ब्रश महाग असतो आणि जड पाण्यात तोही तितकाच हतबल होतो. प्राण्यांचे केस नको असल्यास कृत्रिम तंतूंचा घ्यावा. तो पाणी शोषत नाही, म्हणून त्याला भिजवण्याची गरज नसते आणि पाणीही कमी लागते. चरबी वर्ज्य असणाऱ्यांनी साबणाच्या वेष्टनावरील घटकही वाचून घ्यावेत.

पाणी उकळल्याने सर्वच क्षार जात नाहीत, हे सांगायचे राहिले. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा तेवढा जातो. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला तसाच राहतो. उकळलेल्या पाण्यातही फेस फाटत असेल, तर आरओचे किंवा पावसाचे पाणीच घ्यावे लागेल. अंगाच्या साबणाने दाढी करीत असाल, तर मात्र वरचे काहीच लागू पडणार नाही. तो फेस लवकर बसतो, म्हणून आधी दाढीच्या साबणाची वडी आणा.

माझ्या भावाचे अजूनही म्हणणे आहे की क्रीम आल्यावर साबणाची गरज उरली नाही. पण त्याचे ते क्रीमही दुष्फेन पाण्यात पातळच होत असे. तो फक्त नळी जास्त दाबत असे. मागच्या दिवाळीत मी त्याच्यासमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत बोअरचे पाणी आणि दुसरीत आरओचे, आणि अण्णांच्याच ब्रशाने दोन्हींत एकच वडी घोटून दाखवली. त्याने दुसऱ्या वाटीतला फेस बोटावर घेतला आणि बराच वेळ तो बघत राहिला.