बी-१२ चा रिपोर्ट नॉर्मल, मग पाय बधिर का?

मी व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन करते. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे लाफिंग गॅस, याबद्दलचा प्रश्न माझ्याकडे बहुतेक वेळा एकाच सुरात येतो. "दारू नाही, गांजा नाही, नुसता फुग्यातला गॅस ओढतो. दवाखान्यातही हाच देतात ना? मग एवढं घाबरायचं कशाला?" विचारणारे कधी आईवडील असतात, कधी मित्र, आणि बरेचदा ओढणारा स्वतःच. खालची केसही याच प्रश्नापासून सुरू झाली. ओळख पटू नये म्हणून तिच्यातले तपशील बदलले आहेत.

मोठी बहीण धाकट्या भावाला घेऊन आली होती. मुलगा पंचविशीच्या आतला, नोकरीत स्थिरावलेला, बोलायला चटपटीत. तिला कपाटात मोज्यांमागे लपवलेली या गॅसची रिकामी नळकांडी सापडली होती. तिचं म्हणणं, याचं व्यसन सोडवा. त्याचं म्हणणं, हे व्यसनच नाही. खुर्चीत नीट टेकायच्या आतच दोघांची जुंपली.

अशा वेळी "किती ओढतोस?" हा प्रश्न मी आधी विचारत नाही. उत्तर निम्मंच मिळतं, आणि घरचं माणूस शेजारी असलं तर पाव. मी पायांबद्दल विचारते. मुंग्या येतात का, जिने उतरताना कठडा धरावा लागतो का, अंधारात चालताना धडपडतोस का.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मॅडम, सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की पडायला होतं. एका हाताने नळ धरूनच ठेवतो." ताईला हे पहिल्यांदाच कळत होतं. पुढे आणखी निघालं. चालताना चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही, पुढे गेल्यावर खाली नजर गेली की अनवाणी पाय दिसतो. मान छातीकडे वाकवली की पाठीतून खाली करंट गेल्यासारखं होतं.

समुपदेशन थांबू शकत होतं, हे थांबू शकत नव्हतं. डोळे उघडे असताना तोल नजरेच्या आधारावर सांभाळता येतो. डोळे मिटल्यावर पाय नेमके कुठे आहेत ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूला पोचावी लागते, आणि त्याची तीच वाट बिघडली होती. मी त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं.

जाताना त्याने फोनवर रिपोर्ट दाखवला. "पण माझं बी-१२ नॉर्मल आहे. मी गोळ्या घेतो ना." कुठेतरी वाचून त्याने स्वतःच गोळ्या सुरू केल्या होत्या. हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो अर्धवट माहितीतून येतो आणि माणसाला निर्धास्त करतो.

बी-१२ च्या रेणूत मधोमध कोबाल्टचा अणू असतो. नायट्रस ऑक्साइड त्या कोबाल्टचं ऑक्सिडीकरण करतो आणि जीवनसत्त्व निकामी होतं. गंजलेली किल्ली जुडग्यात मोजली जाते, कुलूप मात्र उघडत नाही. रक्ततपासणी अशा किल्ल्याही मोजते. म्हणून आकडा नॉर्मल असला तरी बी-१२ वर चालणारं मेथिओनिन सिंथेस हे एन्झाइम बंद पडलेलं असू शकतं. मग नसांभोवतीचं मायलिनचं आवरण टिकवायला जे लागतं ते तयार होत नाही आणि रक्तात होमोसिस्टीन हे अमिनो आम्ल साचतं. म्हणून अशा रुग्णात डॉक्टर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड या तपासण्याही बघतात, मज्जारज्जूचा एमआरआय काढतात. ज्यांच्या शरीरात बी-१२ चा साठा मुळातच कमी, म्हणजे मांस, अंडी, दूध फारसं न खाणारे किंवा ज्यांच्या आतड्यात ते नीट शोषलं जात नाही असे लोक, त्यांना त्रास लवकर होऊ शकतो.

डॉक्टरांनी त्याला बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली, फिजिओथेरपी लावली आणि गॅस पूर्ण बंद करायला सांगितलं. तो पुन्हा माझ्याकडे आला तो वाद घालायलाच. "डॉक्टर लोक रोज पेशंटला देतात त्याचं काय?"

देतात, खरंच देतात. १८४४ मध्ये होरेस वेल्स या दंतवैद्याने याच वायूच्या अमलाखाली स्वतःची दाढ काढून घेतली, तेव्हापासून तो दंतचिकित्सेत आहे. पण तिथे तो ऑक्सिजन मिसळून देतात. प्रसूतीच्या कळांसाठी तर निम्मा वायू आणि निम्मा ऑक्सिजन असं मिश्रण वापरतात. शिवाय थोडा वेळ, आणि लक्ष ठेवायला माणूस समोर. मी त्याला आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याला जास्त लागली. १९७८ मध्ये रॉबर्ट लेझर या न्यूरोलॉजिस्टने या वायूने नसा आणि मज्जारज्जू बिघडलेल्या १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातले १४ जण दंतवैद्य होते आणि बहुतेकांनी गॅस मौजेसाठी ओढला होता. डॉक्टरकीचं ज्ञान त्यांच्या पायांना वाचवू शकलं नाही.

कायद्याचा मुद्दाही त्याने काढलाच. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये हा वायू क वर्गातल्या अमली पदार्थांत घातला, नेदरलँड्सने त्याच वर्षाच्या जानेवारीत बंदी आणली, एवढं सांगून मी तो विषय मिटवला. कायद्याच्या धाकाने कुणी फुगा खाली ठेवलेला मी फारसा पाहिलेला नाही.

मग मोजणीवर आलो. पूर्वी तो आठ ग्रॅमची नळकांडी वापरायचा, तेव्हा निदान रिकामी नळकांडी तरी दिसायची. मोठा सिलिंडर मिळायला लागल्यापासून हिशेबच राहिला नव्हता. सहाशे ग्रॅमच्या एका सिलिंडरमध्ये तशी पंचाहत्तर नळकांडी मावतात. झिंग एक-दोन मिनिटांत उतरते म्हणून दुसरा फुगा, मग तिसरा, आणि रात्र तशीच जाते. आधी मित्रांच्या पार्टीत व्हायचं ते आता तो एकटाच करत होता, झोप येत नाही म्हणून. माझं सगळं लक्ष या एकटेपणावर गेलं. गॅस लघवीच्या नेहमीच्या तपासणीत सापडत नाही, तोंडाला वास येत नाही, सकाळी माणूस कामावर हजर असतो. घरच्यांना संशय यायला जागाच नसते.

दारूसारखी मात्रा हळूहळू उतरवायची गरज इथे सहसा नसते, एकदम बंद करता येतं. सोबत दुसरं काही घेत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. तलफ मनाची असते आणि ती ठरावीक वेळी उठते. त्याची वेळ रात्री अकरानंतरची होती. विकणाऱ्याचा नंबर त्याने माझ्यासमोर ब्लॉक केला. त्या वेळेत ताईला फोन करायचा, गॅसबद्दल अवाक्षर न काढता काहीही बोलायचं, असं दोघांत ठरलं. ताईला हे जड गेलं, तिला रोज चौकशी करायची होती. न झोपण्याचं कारण वेगळं होतं, त्यावर आम्ही बरेच महिने काम केलं.

मधे एकदा घसरला. मुंग्या कमी झाल्या होत्या, इंजेक्शनं चालू होती, मग एखाद्या शनिवारी काय बिघडतं, असा विचार. आठवडाभरात तळव्यांचा बधिरपणा पुन्हा वाढला. गॅस चालू ठेवून घेतलेलं इंजेक्शन कुचकामी ठरतं, हे त्याला माझ्या बोलण्यापेक्षा त्याच्या तळव्यांनी नीट सांगितलं. त्यानंतर मात्र थांबला. आता तो जिने कठड्याशिवाय उतरतो. डाव्या पायाची बोटं अजून थोडी बधिर आहेत, ती पूर्ण सुधारतील की नाही हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत. लवकर थांबलेल्यांपैकी बरेच जण चांगले सावरतात, उशीर झाला तर काही खोट राहून जाते.

पायांखेरीज आणखी काही गोष्टी घरच्यांनी ओळखायला हव्यात. एका पोटरीला सूज आणि दुखणं किंवा अचानक धाप लागणं, म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. लघवी अडणं किंवा आवरता न येणं. भास होणं, विनाकारण संशय घेणं. यातलं काहीही दिसलं तर थेट इस्पितळ गाठायचं. सिलिंडरमधून थेट ओढणाऱ्याचे ओठ आणि घसा अतिथंड वायूने भाजल्यासारखे जळतात; मांड्यांत सिलिंडर धरून बसणाऱ्यांच्या मांड्यांवरही अशा जखमा होतात. आणि डोक्यावर पिशवी घेऊन, मास्क लावून किंवा बंद गाडीत ओढलं तर ऑक्सिजन संपून माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. त्यासाठी वर्षानुवर्षांची सवय लागत नाही, एक वेळ पुरते.

शेवटच्या भेटीत ताईने विचारलं, "पुढे कधी ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं तर?" भूल देणाऱ्या डॉक्टरांना आणि दंतवैद्यांना हे सगळं आधी सांगायचं, न लाजता. त्यांच्याकडे दुसरे पर्याय असतात. तिने ते त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून घेतलं आणि त्यानेही लिहू दिलं.