तुमचं सत्र कोणी पाहिलंय का?

एम.ए.च्या प्रवेशांचे दिवस आले की समुपदेशन मानसशास्त्राबद्दलची पत्रं वाढतात. शिकणारी मुलं लिहितात, त्यांचे आईवडील लिहितात, या खेपेला एका प्राध्यापकांनीही लिहिलंय. नेहमीप्रमाणे नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. भाग २ ला आहे. थिअरीचे पेपर चांगले गेले, प्रॅक्टिकलला चाचण्या आणि जर्नल झालं. इंटर्नशिपचे १०० तास भरल्याचं सर्टिफिकेटही आहे. पण उद्या खरा क्लायंट समोर बसला तर काय बोलायचं, या विचाराने पोटात गोळा येतो. मी तयार आहे का? (राजारामपुरी)

त्या १०० तासांचा हिशेब एकदा कागदावर मांडा. किती तास तुम्ही स्वतः क्लायंटशी बोललात? किती तास कोपऱ्यात बसून दुसऱ्याचं ऐकलंत? केसपेपर लावण्यात आणि १० ऑक्टोबरच्या मानसिक आरोग्य दिनाची पोस्टर्स रंगवण्यात किती गेले? आणि तुम्ही बोलत असताना तुमच्याहून जाणत्या माणसाने ते एकदा तरी पाहिलं किंवा ऐकलं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुम्ही तयार आहात का हे मला सांगता येणार नाही. तुमच्या सर्टिफिकेटवर सही करणाऱ्यालाही ते सांगता येणार नाही.

कोल्हापुरात तरी हे वेगळं समजावायला लागू नये. जोर-बैठकांचा आकडा कितीही असो, पोरगं कुस्तीला उतरवायचं की नाही हे आखाड्याच्या कडेला उभा असलेला वस्ताद ठरवतो, आणि त्याची पकड बघून ठरवतो. आपल्या बहुतेक अभ्यासक्रमांत जोर-बैठका भरपूर आहेत, पण कडेला उभं राहणारं कोणी नाही. क्षमता म्हणजे ज्ञान, कौशल्य आणि वृत्ती अशी तिहेरी गोष्ट आहे. तीन तासांचा पेपर त्यातली पहिलीच मोजतो.

माझ्या मते एम.ए. संपताना काही गोष्टी आल्याच पाहिजेत. पहिल्या भेटीत गोपनीयता आणि तिच्या मर्यादा साध्या मराठीत सांगता आल्या पाहिजेत. यात १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार बंधनकारक आहे, हेही आलं. इंटर्न आहे म्हणून त्यातून सुटका नाही. सल्ला न देता पाऊण तास ऐकता आलं पाहिजे. हा त्रास याच माणसाला का, आत्ताच का, आणि तो कशामुळे टिकून राहिलाय, याची मांडणी एका पानात करता आली पाहिजे. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे न अडखळता विचारता आलं पाहिजे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. सरळ विचारलं की बहुतेकांना हायसंच वाटतं. आणि आपल्या आवाक्याबाहेरची केस ओळखून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवता आली पाहिजे.

आता उपाय. मैत्रिणीबरोबर अर्ध्या तासाचा रोल-प्ले रेकॉर्ड करा. त्यातली दहा मिनिटं शब्दशः उतरवा आणि स्वतःच्या प्रत्येक वाक्यापुढे ते का बोललात हे लिहा. कान लाल होतील, कारण आपण ऐकतोय असं वाटत असताना बहुतेक वेळा समजावत असतो. (समुपदेशन म्हणजे समजूत घालणं, हा आपल्याकडचा जुना रोग.) अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला ओहायोत सत्रं ध्वनिमुद्रित करून विद्यार्थ्यांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा त्यासाठी अवजड यंत्रं लागत. तुमच्या पिशवीत फोन आहे. खऱ्या क्लायंटचं रेकॉर्डिंग मात्र लेखी संमती आणि संस्थेची परवानगी असल्याशिवाय नाही, आणि वैयक्तिक फोनवर तर मुळीच नाही. ती उतरवलेली पानं घेऊन तुमच्या मॅडमकडे जा आणि आठवड्याला एक तास सुपरव्हिजन मागा, म्हणजे जाणत्या माणसाने तुमचं काम बघून त्यावर बोलणं.

प्रश्न : मुलीला समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करायचं आहे. पाहुणे म्हणतात, त्याला लायसन नाही, करायचं तर क्लिनिकलच कर. खरं काय? (गडहिंग्लज)

पाहुणे अर्धे बरोबर आहेत. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने (आर.सी.आय.) मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीत नाव लागतं, परिषदेचा कायदा १९९२ चा. परिषदेची मान्यता नसलेल्या एम.ए.वर ती पाटी लावता येत नाही. क्लिनिकलच्या वाटेवरही सध्या खोदकाम चालू आहे. तिथली नेहमीची पात्रता म्हणजे एम.फिल.; यू.जी.सी.ने २०२२ च्या नियमांत ते बंद केलं, नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवली. त्यामुळे त्या वाटेने जायचं असेल तर परिषदेच्या संकेतस्थळावरची ताजी यादी बघूनच फी भरा.

समुपदेशकांसाठी असं रजिस्टर बराच काळ नव्हतंच. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोग कायद्यात वर्तन-आरोग्य गटात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचा समावेश झाला. म्हणजे नोंदणीची वाट उघडली आहे. शाळा-कॉलेज, रुग्णालयं, संस्था, कंपन्या इथे समुपदेशक म्हणून काम मिळतं. निदानाची प्रमाणपत्रं देणं हे समुपदेशकाचं काम नाही, एवढं मनाशी पक्कं असू द्या.

लायसनपेक्षा मी तुम्हाला वेगळी चौकशी करायला सांगेन. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन विचारा: सुपरव्हिजन कोण देतं, एका सुपरव्हायझरमागे किती मुलं, आणि ते स्वतः क्लायंट बघतात का? ‘आमचा निकाल १०० टक्के’ एवढंच उत्तर मिळालं तर दुसरं कॉलेज बघा.

प्रश्न : बँकेत नोकरी करते. डिस्टन्सने एम.ए. मानसशास्त्र करून समुपदेशक होता येईल का? (इचलकरंजी)

आता नाही. यू.जी.सी.ने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश बंद केले आहेत. कोणी ‘आमच्याकडे चालतं’ म्हणालं तर पावती फाडण्याआधी लेखी मागा.

प्रश्न : भाची अमेरिकेत काउन्सेलिंग सायकॉलॉजीच्या पीएच.डी.साठी अर्ज करतेय. अर्जात ‘ट्रेनिंग गोल्स’ लिहायचे आहेत. तिने लिहिलंय, ‘मला लोकांची सेवा करायची आहे.’ पुरेल का? (ताराबाई पार्क)

पुरणार नाही. सेवा करायची इच्छा अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच असते. निवड समिती बघते ती हे की, आपल्याला काय येतं आणि काय येत नाही हे या मुलीला कळलंय का, आणि जे येत नाही ते आमच्याकडे शिकता येण्यासारखं आहे का.

तिथली चौकट तिला माहीत हवी. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची सध्याची मानकं २०१७ पासून लागू आहेत. त्यांत डॉक्टरेटच्या प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ क्षेत्रांत क्षमता दाखवायची असते: संशोधन, नीती व कायदा, व्यक्तिगत व सांस्कृतिक वैविध्य, व्यावसायिक मूल्यं व वागणूक, संवाद, मूल्यमापन, उपचार, सुपरव्हिजन, आणि इतर व्यावसायिकांबरोबरचं सल्ल्याचं काम. ‘दाखवायची’ हा तिथे नियमच आहे. प्रॅक्टिकममधल्या (शिकत असतानाच्या क्लायंटबरोबरच्या सरावातल्या) मूल्यमापनाचा काही भाग तरी प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेला लागतो. सुपरव्हायझर खोलीत बसतो किंवा व्हिडिओ बघतो. शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप किंवा अर्धवेळ दोन वर्षांची.

भाचीने बहुधा संशोधनाकडे काणाडोळा केला असेल, आपल्याकडची मुलं करतात. पण पीएच.डी.च्या बहुतेक अभ्यासक्रमांचा पाया ‘संशोधकही आणि उपचारकही’ हा आहे. १९४९ साली बोल्डर इथल्या परिषदेत तो क्लिनिकलसाठी मांडला गेला आणि समुपदेशन मानसशास्त्रानेही तो घेतला. तेव्हा तिने असं काही लिहावं: ‘यंत्रमाग कामगारांच्या कुटुंबांतल्या स्त्रियांचे गट मी घेते. गट चालवता येतो. त्याने नेमका काय फरक पडला हे मोजता येत नाही. ते मला शिकायचंय.’ तिने असं काम केलेलं असेल तरच, अर्थात. आणि ज्या प्राध्यापकांकडे ते शिकता येईल त्यांच्या कामाशी ते जोडून दाखवावं.

पीएच.डी. झेपणार नसेल तर तिथे समुपदेशनाच्या मास्टर्सची वेगळी वाट आहे. त्या क्षेत्रातली मान्यता देणारी संस्था, सी.ए.सी.आर.ई.पी., प्रॅक्टिकमचे १०० आणि इंटर्नशिपचे ६०० तास मागते, आणि त्या ६०० पैकी किमान २४० थेट क्लायंटबरोबरचे हवेत. पहिल्या पत्रातल्या मुलीनेही हा आकडा वाचावा.

प्रश्न : एका समुपदेशन केंद्रात इंटर्न आहे. तीन सत्रं झाल्यावर कळलं की क्लायंट माझ्या वहिनींची मामेबहीण आहे. पुढच्या महिन्यात घरच्याच लग्नात आम्ही भेटणार. ती रात्री व्हॉट्सॲपवर मेसेजही करते, आणि परवा गुळाची ढेप घेऊन आली. पुस्तकात लिहिलंय, दुहेरी नातं टाळा. कसं टाळू? (शाहूपुरी)

पुस्तक मोठ्या शहरात बसून लिहिलेलं असतं. आपल्याकडे दूध संस्था, भिशी, गणपतीचं मंडळ आणि सोयरीक यांतून कोणीच सुटत नाही. दोन माणसं भेटली की पाचव्या वाक्याला पाहुणं निघतं. त्यामुळे ‘टाळा’ एवढं सांगून भागत नाही. निघालेल्या नात्याचं काय करायचं ही इथली खरी क्षमता आहे, आणि दुर्दैवाने तिच्यावर एकही प्रॅक्टिकल नसतं.

पहिली गोष्ट, सुपरव्हायझरना आजच सांगा. लग्न होऊन गेल्यावर नाही. मग दोघांनी बसून एकच प्रश्न विचारा: या नात्यामुळे तिचं बोलणं किंवा माझं ऐकणं अडणार आहे का? वर्षातून एकदा मांडवात तोंडदेखली भेट होणार असेल तर काम चालू ठेवता येतं. पण तिच्या तक्रारी तुमच्या वहिनींच्या माहेराबद्दलच असतील, किंवा वहिनींच्या भांडणात उद्या तुम्हाला बाजू घ्यावी लागणार असेल, तर केस दुसऱ्याकडे द्या. देताना तिला कारण सांगा, नाहीतर तिला वाटेल आपण काहीतरी जास्त बोललो.

चालू ठेवायचं ठरलं तर पुढच्या सत्राची पहिली दहा मिनिटं यालाच द्या. ‘लग्नात मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर चारचौघांसारखं बोलेन. इथलं काही तिथे निघणार नाही.’ तिला काय सोयीचं वाटतं तेही विचारा. आणि वहिनींना काहीही सांगायचं नाही. ‘ती येते आमच्याकडे’ एवढंसुद्धा नाही. ती येते हीच गुप्त गोष्ट आहे. घरात हे सांभाळणं सत्रापेक्षा अवघड जातं, कारण वहिनी जेवताना सहज विचारतात.

व्हॉट्सॲपचं पहिल्याच दिवशी ठरायला हवं होतं, आता ठरवा. भेटीची वेळ बदलण्यापुरते मेसेज, तेही केंद्राच्या नंबरवर. रात्री फारच घालमेल झाली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, तो तिच्याकडे लिहून द्या. तिने मरणाचा विषय काढला असेल तर मात्र हा मुद्दा मेसेजच्या शिस्तीचा राहत नाही. त्याच दिवशी सुपरव्हायझरना फोन करा.

गुळाबद्दल माझं मत थोडं सैल आहे. गुऱ्हाळ चालू असताना घरचा गूळ आणून देणं ही आपल्याकडची रीत आहे आणि तो परत करणं तिला लागेल. केंद्राच्या नावाने घ्या, सगळ्यांत वाटा, नोंदीत लिहा. साडी आली तर घेऊ नका. आणि दर सत्राला काहीतरी येऊ लागलं तर वस्तू बाजूला ठेवून त्याविषयी तिच्याशी बोला.

प्रश्न : एम.ए.ला शिकवतो. एक विद्यार्थी गुणांत पहिला, पण क्लायंटला टोचून बोलतो, चूक दाखवली की वाद घालतो. त्याला इंटर्नशिपमध्ये थांबवता येईल का? पालक भांडायला येतील. (सांगली)

येतील. तरी थांबवायला हवं, कारण त्याच्यापुढे बसणारी माणसं भांडायला येणार नाहीत, ती फक्त पुन्हा कधी समुपदेशकाकडे जाणार नाहीत.

पण थांबवायची तयारी जूनमध्येच करायची असते. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांना लेखी द्या की गुणांबरोबर वागणूकही मोजली जाईल आणि ती अशी मोजली जाईल. आता या मुलाबाबत ‘स्वभाव बरा नाही’ असं लिहू नका. अमुक तारखेला, अमुक सत्रात, काय बोलला ते लिहा. त्याला समोर बसवून दाखवा, सुधारणेला ठरावीक मुदत द्या, त्या काळात दुसऱ्या एका सुपरव्हायझरना त्याचं काम बघू द्या. तुमचंच त्याच्याशी जमत नसेल ही शक्यता उरतेच. एवढं करूनही फरक नाही पडला तर इंटर्नशिप लांबवा. त्याला समुपदेशन घ्यायला जरूर सुचवा, पण ते तुम्ही देऊ नका आणि देणाऱ्याकडून अहवाल मागू नका.

आणखी एक. ही चाळणी चुकीच्या मुलांवर फिरताना मी पाहिली आहे. बुजरी मुलगी, गावाकडचं बोलणारा मुलगा, स्वतः नैराश्यातून बाहेर आलेली विद्यार्थिनी यांना ‘या क्षेत्राला योग्य नाही’ म्हणून बाजूला काढलं जातं. आजार होता म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. क्लायंटबरोबरचं काम बघा.

प्रश्न : शाळेत इंटर्न आहे. मुख्याध्यापक म्हणतात, नापास होणाऱ्या सगळ्या मुलांचा बुद्ध्यांक काढून द्या. बिने-कामत चाचणी एकदा वर्गात करून पाहिली आहे. काढू का? (कागल)

नको. कामतांनी ती चाचणी मराठी आणि कानडी मुलांवर बेतली म्हणून ती आपल्याला जवळची वाटते, पण तिची प्रमाणकं (ज्यांच्याशी मुलाचे गुण ताडून बघायचे ते आकडे) जुनी आहेत आणि एकदा करून पाहणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. शिवाय नापास होण्यामागे डोळ्यांचा नंबर, वाचनातली अडचण, घरातली मारहाण, उसाच्या हंगामातली गैरहजेरी असं काहीही असू शकतं. आधी वर्गशिक्षकांशी आणि पालकांशी बोला, हजेरीपट बघा, प्रत्येक मुलाशी अर्धा तास बसा. त्यानंतरही ज्यांच्याबद्दल शंका राहील त्या मोजक्या मुलांना पालकांच्या संमतीने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवा. मुख्याध्यापकांना हे उत्तर दाखवलंत तरी चालेल.