चर्चची किल्ली कोणाकडे?

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. मी चादरीच्या कारखान्यातून निवृत्त झालो. सोलापुरातल्या आमच्या चर्चच्या लहानशा मंडळीत वडील, म्हणजे कारभार पाहणारा एल्डर, म्हणून ही माझी दुसरी मुदत. खुर्चीत बसून हुकूम सोडायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन झाडलोट करतो, सतरंज्या टाकतो. प्रीतिभोजनाला वाढतो, मागून पातेलीही घासतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, तेही कधी रात्री दोनला. मोटर लावायला मीच जातो, कारण चर्चची किल्ली माझ्याकडे असते. खजिनदारांना नीट दिसत नाही, म्हणून जमाखर्चाची वहीसुद्धा मीच लिहितो. आणि परवा कानावर आलं, "काका कोणाला काही करूच देत नाहीत." तरुण संघाची मुलं उपासना संपली की पसार होतात. विडी कामगार घरांतल्या तेलुगू बोलणाऱ्या बहिणींचं म्हणणं, सणाच्या वेळी आम्हाला कोणी विचारत नाही. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले, तसंच वागायला बघतोय मी. मग कमी कुठे पडतोय?
— एक वडील, सोलापूर

उत्तर : भाऊ, सलाम. पातेली घासणारे वडील किती मंडळ्यांच्या नशिबी असतात? तेव्हा तुमच्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या पत्रात दोन जातीची कामं एकत्र मिसळली आहेत. झाडू, सतरंज्या, पातेली एकीकडे आणि किल्ली व वही दुसरीकडे. पहिल्यात घाम आहे, दुसऱ्यात सत्ता आहे. मुलांना गाण्याच्या तालमीला आत कधी घ्यायचं, पंखा दुरुस्त करायचा की नवा आणायचा, हे किल्ली आणि वही ज्याच्याकडे तो ठरवतो. तुम्ही झाडू उचललात हे खरं, पण खाली काहीच ठेवलं नाहीत. मुलांना हे दिसतं. आणि स्वतः झाडणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, म्हणून ती बिचारी गुपचूप निघून जातात.

ती पाय धुण्याची गोष्ट, योहानाच्या शुभवर्तमानाचा 13वा अध्याय, आपण पाय धुणाऱ्याच्या बाजूनेच वाचतो. त्यात शिष्य पेत्रही आहे की. "माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत," असा हट्ट त्याने धरला. आपण असतो तर त्याला नम्र म्हणून मोकळे झालो असतो. प्रभूने मात्र तो हट्ट चालू दिला नाही. दुसऱ्याकडून सेवा घेताही यायला हवी. आता सांगा, प्रीतिभोजनाला तुम्ही जेवता कधी? सगळे उठल्यावर, उभ्याउभ्या, तळाचा भात खरवडून, असा माझा अंदाज. पुढच्या वेळी पहिल्या पंगतीला बसा. आमटीत मीठ कमी असलं तरी उठू नका.

बहिणींची तक्रार मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, 6वा अध्याय काढा. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत अगदी हेच झालं होतं. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकूर निघाली. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही, आणि "उद्यापासून आम्हीच वाढतो" असंही म्हटलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेली नावं बघा : स्तेफन, फिलिप्प, तीमोन, नीकलाव... सातही ग्रीक नावं! म्हणजे ज्यांची तक्रार, कोठाराचा कारभार बहुधा त्यांच्याच माणसांकडे गेला. आपल्याकडे असं झालं तर आधी उपसमिती नेमतील.

तुमच्यापुरतं बोलायचं तर कापणीच्या सणाचं पाहा. धान्य-भाज्यांचा लिलाव कोण पुकारणार, पैसे कोण मोजणार, जेवणाचा बेत कोण ठरवणार, हे यंदा त्या बहिणींकडे सोपवा. "मदतीला या" असं सांगू नका. मदतीला त्या आजवर आल्याच आहेत. लिलाव तेलुगूत पुकारला तर काय बिघडलं? या शहरात भाजीचा भाव तीन भाषांत होतो.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या मुली-बायका त्यांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या. त्यांच्याइतकी विदुषी तिथे दुसरी कोण असणार? तरी छपाईचं काम त्या बायकांच्याच हाती राहिलं. 1922 साली रमाबाई गेल्या आणि पूर्ण बायबल 1924 साली बाहेर पडलं.

आता वही. ती सोडा म्हणते, यात तुमच्या सचोटीवर संशय नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी न्यायची होती तेव्हा प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (करिंथकरांना दुसरं पत्र, 8वा अध्याय). पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही ते आपल्याला का वाटावं? दान दोघांनी मोजायचं, त्यातली एक व्यक्ती तिशीच्या आतली. महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेब मोठ्याने वाचायचा. खजिनदारांनाही ऐकू तर येतंच ना!

किल्लीच्या आणखी दोन करून घ्या. एक तरुण संघाकडे, दुसरी चर्चशेजारी राहणाऱ्या एखाद्या बहिणीकडे. एखाद्या रात्री मुलं झोपून राहतील, पाणी येऊन जाईल आणि रविवारी टाकी कोरडी असेल. तेव्हा धावायचं नाही, की "मी म्हटलं नव्हतं?" असंही म्हणायचं नाही. घरोघरून घागरी येतील. सोलापूरकराला त्याची सवय आहे. वडीलपण मात्र सोडू नका. बैठका घ्या, आजाऱ्यांना भेटा, दोन घरांचं भांडण असेल तिथे जाऊन बसा. झाडायचंच असेल तर पाळीने झाडा, इतरांसारखं.

तुमच्या सहीखाली वेगळ्या शाईत वहिनींनीही एक ओळ लिहिली आहे : "रविवारी बीपीची गोळी दुपारी चारला घेतात." तेवढी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला घ्या. त्याला कमिटीची मंजुरी लागत नाही.