मागचे दोन टायर की चारही?

प्रश्न : माझ्याकडे सात वर्षांपूर्वी नवी घेतलेली पोर्शे ७१८ केमन एस आहे. मागचे टायर झिजले आहेत, पुढचे मात्र चांगले आहेत, असे सर्व्हिसिंगच्या वेळी सांगण्यात आले. गाडीबरोबर आलेलेच पिरेली पी झीरो टायर अजून आहेत : पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २६५/४० झेडआर १९. विक्रेत्याकडे २६५ चे माप नाही. तो मागे २५५/४० घालू म्हणतो आणि ‘दहा मिलिमीटरने काय फरक पडतो’ असे विचारतो. भाच्याचे म्हणणे असे, की खर्च करायचाच तर केमन जीटी४ वर येतात तसे मिशलँ पायलट स्पोर्ट कप २ घ्यावेत. गाडी मी बहुतेक रविवारी पहाटे चालवतो आणि पावसाळ्यातही ताम्हिणीपर्यंत नेतो. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या पत्रात सगळी चर्चा मागच्या टायरांची आहे, मला काळजी वाटते ती पुढच्या टायरांची. ते गाडीबरोबर आलेले असल्याने नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी त्यांचे रबर किमान सात वर्षांचे झाले आहे, आणि सहा वर्षांहून जुने टायर वापरू नयेत अशी सूचना खुद्द पोर्शेच्या पुस्तिकेत असते. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्या गाड्यांचे असेच होते. त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक झाले, की कोरड्या रस्त्यावर फारसे जाणवत नाही, पण ओल्या वळणावर ब्रेक दाबताच लक्षात येते. तेव्हा चारही टायर बदलावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

टायरचे वय स्वतः वाचता येते. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे असतात. ते ३४१७ असे असतील तर तो टायर २०१७ सालच्या चौतिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. पुष्कळ टायरांवर हे चार आकडे एकाच बाजूला छापलेले असतात. ती बाजू आत गेलेली असेल तर बाहेरून अर्धवट ओळच दिसते, आणि मग स्टीअरिंग पूर्ण वळवून, चाकाच्या मागे बॅटरीचा झोत टाकून पाहावे लागते. नवे टायर घेतानाही हेच करावे, तेही टायर रिमवर चढण्यापूर्वी. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, आणि तेव्हापासून स्पोर्ट्स कारची मोठी मापे आपल्याकडे हवी तेव्हा मिळेनाशी झाली. अशा वेळी गोदामात पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून पुढे केला जाण्याची शक्यता वाढते. माझ्यापुरते सांगायचे तर दोन वर्षांहून जुना टायर मी पूर्ण किमतीला घेणार नाही, आणि चारही टायरांच्या तारखा शक्य तितक्या जवळच्या असाव्यात असा आग्रह धरीन.

आता ‘दहा मिलिमीटर’. मापातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, आणि टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या किती टक्के हे ४० हा आकडा सांगतो, त्यामुळे रुंदी कमी केली, की उंचीही घटते. २६५/४० च्या बाजूची उंची १०६ मिलिमीटर, तर २५५/४० ची १०२. म्हणजे १९ इंची रिम धरून चाकाचा एकूण व्यास सुमारे ६९५ वरून ६८७ मिलिमीटरवर येतो. एक टक्क्याहून थोडा अधिक असा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीची स्थिरता सांभाळणारी यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करीत असते आणि तिचे गणित कंपनीने ठरवलेल्या मापांवर बसवलेले असते. शिवाय केमनचे इंजिन मागच्या धुरेच्या पुढ्यात असते, त्यामुळे मागच्या टायरांवर वजन अधिक येते. आपल्या मागच्या टायरवर मापानंतर बहुधा ९८वाय असे लिहिलेले असेल. यातील ९८ या लोड इंडेक्सचा अर्थ एका टायरला ७५० किलो भार चालतो, असा आहे. विक्रेत्याच्या टायरवर ९६ असेल तर ती मर्यादा ७१० किलोवर येते. ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटरची क्षमता. समृद्धी महामार्गावरही १२० ची मर्यादा असताना ३०० कशाला, असे कोणी म्हणेल. पण या अक्षरामागे टायरची बांधणी आणि उष्णता सोसण्याची ताकद असते, म्हणून कंपनीने सांगितलेल्या अक्षराच्या खाली उतरू नये. थोडक्यात, माप येईपर्यंत थांबा किंवा विक्रेता बदला.

पोर्शेच्या बाबतीत आणखी एक खूण पाहावी लागते. कंपनीने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन-०, एन-१, एन-२ अशी खूण असते. हे आकडे प्रतवारी दाखवत नाहीत, एकाच टायरच्या मान्य झालेल्या आवृत्त्या दाखवतात. पुढे एक कंपनी आणि मागे दुसरी, किंवा एकाच धुरेवर एन-० आणि एन-१, अशी सरमिसळ करू नये. मागचे दोनच बदलण्यात हीही एक अडचण होती. एन खुणेचे ताजे टायर मिळालेच नाहीत तर? शिळ्या एन टायरांपेक्षा त्याच दर्जाचे, योग्य मापाचे, पुरेशा लोड इंडेक्सचे बिनखुणेचे चार ताजे टायर मी पत्करीन. मात्र गाडीला वाढीव वॉरंटी असेल तर आधी डीलरकडून लेखी उत्तर घ्यावे.

भाच्याची सूचना उत्साहाची आहे, पण आपल्या वापराची नाही. जीटी४ वर कप २ येतात हे खरे. ती गाडी ट्रॅकवर नेण्याच्या हेतूनेच बनवलेली आहे. कप २ चे रबर गरम झाल्यावर रस्ता घट्ट पकडते, पण पहाटेच्या गारव्यात, पहिल्या काही किलोमीटरांत ते त्या तापमानाला पोचतच नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या टायरांत पाणी बाहेर काढणाऱ्या खाचा कमी असतात. रुंद टायर मुळातच पाण्यावर लवकर तरंगू लागतो, कारण त्याला एका दमात अधिक पाणी बाजूला सारावे लागते. जुलैत ताम्हिणीत डोंगरावरचे पाणी वळणावरून आडवे वाहत असते. तिथे मागची चाके पाण्यावर चढली तर चालकाच्या कौशल्याला फारसा वाव उरत नाही. म्हणून आपल्यासाठी पी झीरो किंवा पायलट स्पोर्ट ४ एस यांसारखे रस्त्यासाठीचे उन्हाळी टायरच योग्य. त्यांना ‘उन्हाळी’ म्हणत असले तरी आपला पावसाळा त्यांना चालतो, कारण आपल्याकडे पाऊस गार नसतो. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण पावसात गाडी काढायची असेल तर ३ मिलिमीटरला टायर संपला असे धरावे. गोटा होईपर्यंत वापरण्याची काटकसर इथे महागात पडते.

टायर चढवण्यापूर्वी जुने मागचे टायर उतरवून त्यांची आतली कड पाहा. या गाडीची मागची चाके वरून किंचित आत कललेली असतात, त्यामुळे आतली कड आधी झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर धडधाकट दिसतो. डाव्या आणि उजव्या टायरची झीज सारखी नसेल तर व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय नवे टायर घालू नयेत. चाकांचे बोल्ट हवेच्या गनने आवळून न सोडता टॉर्क रेंचने १६० न्यूटन-मीटरवर आवळून घ्यावेत आणि टायरमधील हवा दाखवणाऱ्या यंत्रणेच्या मेनूत नव्या टायरांची नोंद करावी. पहिले दोन-तीनशे किलोमीटर गाडी बेतानेच चालवावी.

प्रश्न : माझ्या माझदा एमएक्स-५ मियाटाला २०५/४५ आर १७ टायर लागतात. हिवाळ्यात गाडी गॅरेजमध्ये उभी असते. ऑल-सीझन, म्हणजे बाराही महिने चालणारे टायर घ्यावेत का? आणि टायर किती टिकेल हे सांगणारा, टायरवरचा ट्रेडवेअर आकडा किती विश्वसनीय?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हिवाळ्यात गाडी बाहेर निघत नसेल तर ऑल-सीझन घेऊन मियाटाची मजा घालवू नका, उन्हाळी टायर घ्या. त्यांचे रबर साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली कडक होऊ लागते, तेव्हा मार्चअखेरीच्या सकाळी जपून चालवा, आणि कडाक्याच्या थंडीत गॅरेजमधली गाडी उगाच पुढे-मागे करू नका, कारण गोठलेल्या रबराला तडे जाऊ शकतात. ट्रेडवेअरची चाचणी टेक्सासमधील सॅन अँजेलो भागात ७,२०० मैल गाडी चालवून, एका प्रमाण टायरच्या तुलनेत होते. पण आकडा कंपनी स्वतःच जाहीर करते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांत तो उपयोगी पडतो, दोन कंपन्यांत फारसा नाही. आपल्या गाडीचे चारही टायर एकाच मापाचे असल्याने ते पुढे-मागे फिरवता येतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला तेवढे केले तर संच एकदमच संपेल आणि पुण्याच्या वाचकांसारखा प्रश्न आपल्याला पडणार नाही.