रणवारजवळचे घर: विकत घ्यावे की भाड्याने?

प्रश्न: मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते. पतींची मुंबईला बदली झाली आहे. वांद्रे पश्चिमेला, रणवार गावठाणाच्या कडेला पुनर्विकसित झालेल्या नव्या इमारतीतील दोन बेडरूमचा एक फ्लॅट आम्हांला मनापासून आवडला आहे. खिडकीतून जुनी कौलारू घरे आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेले मोठे चित्र दिसते. ‘कलावंतांच्या वस्तीतील आधुनिक घर’ अशी त्याची जाहिरात असून किंमतही त्या मानाने चढी आहे. मालक विकायला तयार आहेत आणि भाड्याने द्यायलाही. नाशिकचे घर विकून हा फ्लॅट घ्यावा का? तेथे मुलांसाठी चित्रकलेचे वर्ग घेण्याचाही माझा विचार आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: नाशिकचे घर तूर्त विकू नका आणि येथे आधी भाड्याने राहा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातील) कुटुंबांची ओसरीची बैठी घरे, वाटेवरचे क्रूस आणि शेजारच्या चॅपल रोडवरील भित्तिचित्रे यांमुळे या भागाला जे रूप आले आहे, त्याची किंमत तुमच्याकडून मागितली जात आहे. मात्र खरेदीखताने तुम्हांला मिळणार आहे तो केवळ फ्लॅट. समोरचे घर खासगी मालकीचे आहे. ज्या पुनर्विकासातून तुमची इमारत उभी राहिली, तोच उद्या त्या घराचाही होऊ शकतो, आणि तेव्हा चित्रासकट ती भिंत पाडली गेली तर केवळ खिडकीतून ती दिसत होती एवढ्या कारणावर तुम्हांला ते थांबवता येणार नाही. मुंबईतील गावठाणांचे हे दुखणे मला फार लागते, कारण ज्या घरांमुळे वस्तीचा भाव वाढतो, त्याच घरांवर वाढलेल्या भावाचा दाब सर्वांत आधी येतो. म्हणून त्या दृश्यासाठी जादा पैसे मोजायचेच असतील, तर ते भाड्यातून मोजावेत. वर्षभर राहिल्यावर हिल रोडची गर्दी, सप्टेंबरातील माउंट मेरीची जत्रा, गाडी लावण्याची अडचण आणि पावसाळ्यात समुद्राच्या दमट हवेने चित्रांच्या कागदावर होणारा परिणाम, हे सारे तुम्हांला कळलेले असेल.

भाड्याचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरण्याची परवानगी देणारा असेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे व नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेल्या व्याजावर मिळून ०.२५ टक्के लागते. भाडे दरमहा १ लाख, अनामत ४ लाख आणि मुदत २४ महिने असेल, तर ही रक्कम ६,२०० रुपये होते. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, हे लक्षात ठेवावे.

वर्गांविषयी करारातील मजकूर सही करण्यापूर्वी नीट वाचा. एकटीने चित्रे काढत बसणे वेगळे आणि आठवड्यातून दोनदा डझनभर मुले जिन्यावरून नेणे वेगळे. ‘केवळ निवासासाठी’ असे शब्द करारात असतील, तर वर्गांना मालकाची व इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेची लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार वादाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

वर्षानंतरही मन तेथेच राहिले, तर खरेदीपूर्वी महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) प्रत्यक्ष पाहावे. ते नसेल तर व्यवहार करू नये, मग खिडकीतून काहीही दिसो. किंमत चटई क्षेत्रावर (कार्पेट एरियावर) ठरवावी. रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येत आतील भिंती त्यात धरल्या जातात, बाल्कनी धरली जात नाही. मोकळ्या जागेतील पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली स्पष्ट केले आहे, त्यामुळे मालकाने पार्किंगचे वेगळे पैसे मागितल्यास संस्थेचे वाटपपत्र मागावे. मुंबईत खरेदीवर मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे. घर फक्त तुमच्या नावावर घेतल्यास महिला म्हणून १ टक्का सवलत मिळते.

प्रश्न: माझा याच भागात फ्लॅट आहे. तो एका शिल्पकार महिलेला भाड्याने देणार आहे. संस्था ‘ना हरकत’ पत्राशिवाय परवानगी नाही म्हणते आणि मासिक शुल्काच्या निम्मी रक्कम जादा मागते. हे योग्य आहे का?
— एक सभासद, वांद्रे

उत्तर: नाही. गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सभासदाने संस्थेला पूर्वसूचना द्यायची असते आणि कराराची प्रत सादर करायची असते; भाडेकरू एकटी राहते किंवा कलावंत आहे, हे तिला नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. राज्य शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हाचे जादा शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही, आणि ही टक्केवारी काढताना महापालिकेचे कर वगळायचे असतात. संस्थेला आदेशाचा हवाला देऊन लेखी पत्र द्या, पोहोच घ्या, आणि तरीही मागणी कायम राहिली तर उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार करा.