फोर बाय फोरचं नंतर बघू, आधी नाल्यांचं वेळापत्रक

जुलैत पुण्याहून स्वतःची गाडी काढून हिमाचलातल्या स्पितीत आठ-दहा दिवस तंबूत काढायचेत, तर फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) लागेलच का आणि नदीकाठी तंबू कुठे ठोकावा, असं तुम्ही विचारलंय. मी दोनदा साध्या हॅचबॅकने जाऊन आलोय. बूड घासलं, पण गाडी आली. माझ्या मते गाडीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं.

काझा-मनाली रस्त्यावरच्या बातल ते ग्राम्फू या पट्ट्यात नाले थेट रस्त्यावरून वाहतात. आपल्याकडचा ओढा पाऊस पडला की चढतो, तिथला लख्ख ऊन पडलं की चढतो, कारण पाणी वरच्या बर्फाचं. सकाळी वितळायला लागतं आणि दुपारी रस्त्यावर पोचतं. पहिल्या खेपेला आम्ही छोटा दडाजवळ साडेतीनला पोचलो. पाणी गुडघ्याला, आणि त्याखाली धोंडे एकमेकांवर आपटल्याचा गडगडाट. मेहुणा म्हणे, "घाल रे, निघेल." मी नाही घातली. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि गाडीतच झोपलो. सकाळी सहाला तो दगड पाण्यापासून दोन हात लांब, कोरडा ठणठणीत! पाणी पोटरीच्याही खाली.

म्हणूनच नदीच्या पात्रातली सपाट वाळू कितीही खुणावली तरी तिथे तंबू नको, वरच्या टप्प्यावर लावा. चंद्रताल सरोवराच्या काठावर तर तंबूला बंदीच आहे, कॅम्प काही किलोमीटर अलीकडे असतात. दुपारी वारा असा सुटतो की त्या भुसभुशीत खड्यांत खुंट्या उपटून येतात. रिकाम्या पिशव्या न्या, तिथलेच दगड भरून दोऱ्या बांधा. नदीचं पाणी राखेसारखं गढूळ असतं, फिल्टर लगेच तुंबतो. आधी तुरटी फिरवून रात्रभर बादलीत निवळू द्या.

जाताना सिमला-किन्नौरकडून जा. पुणे 560 मीटरवर, स्पितीचं मुख्य गाव काझा साधारण 3,650 वर. कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत चढलात तर डोकं सहसा धरत नाही. मनालीकडून एका दिवसात कुंझुम खिंड गाठणारे बरेचदा आडवे होतात. परतताना कुंझुम उतरून अटल बोगद्यातून मनाली. स्पिती आपल्या माण-खटावसारखी पर्जन्यछायेत असली, तरी खालचं किन्नौर नाही. जुलैत तिथे दरडी कोसळतात. सुट्टी सरकवता येत असेल तर सप्टेंबर धरा. नाले उतरलेले असतात, फक्त रात्री गारठतात.

आणि तीन लिटरचा कुकर घ्याच. चंद्रतालजवळ पाणी साधारण 86 अंशांनाच उकळतं. आम्ही पातेल्यात खिचडी लावली होती. अर्धा सिलिंडर संपला, तांदळाचा लगदा झाला, आणि डाळ दाताखाली खड्यासारखी वाजत होती.