आदिवासी भागात स्वयंसेवी संस्थेच्या कामाने घरचं उत्पन्न खरंच वाढतं का?

वाढतं, पण वेळ लागतो. बाएफ या स्वयंसेवी संस्थेचं 'वाडी'चं काम बघा. मणिभाई देसाईंनी 1967 साली उरुळीकांचनला ही संस्था काढली, आणि वाडीची सुरुवात 1982 च्या सुमारास गुजरातेत वांसद्याला झाली. नंतर ती आपल्या जव्हार-मोखाड्याकडेही आली.

वाडी म्हणजे साधारण एकरभर वरकस, म्हणजे हलकी जमीन, त्यात आंबा-काजूची कलमं, बांधावर सरपण-चाऱ्याची झाडं आणि मधल्या पट्ट्यात नाचणी किंवा भाजीपाला. खरी कसोटी पहिल्या तीन-चार वर्षांची. फळ नाही, आणि उन्हाळ्यात एकेका कलमाला हंड्याने पाणी घालायचं. म्हणून मधलं पीक महत्त्वाचं, कारण तोवर घर त्यावरच चालतं. भात झोडून झाला की वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं गावात टिकतात ती हातात काही येत राहिलं तरच. जव्हारकडे मोगऱ्यानेही हे साधलं. कळ्या पहाटे खुडून त्याच दिवशी बाजारात जातात.

नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या बँकेने पुढे आदिवासी विकास निधीतून हाच नमुना देशभर नेला. माझ्या मते रोपं वाटणं सोपं असतं. संस्था निवडताना ती पाचव्या वर्षीही गावात येते का, हे आधी विचारा.